अनुभव धागा : वॉर्ड बदलताना रेझ्युमेच्या वरच्या दोन ओळी काय लिहिल्यात?

नमस्कार. मेल मेडिकल वॉर्डला सहा वर्षं झाली, आता डायलिसिसला जायचंय. रेझ्युमे उघडून बसलेय आणि ऑब्जेक्टिव्हवरच (कसलं काम हवंय त्या वरच्या दोन ओळी) अडकलेय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर झेरॉक्सवाल्याने टाईप करून दिलेलं 'नामांकित संस्थेत माझं ज्ञान वापरण्याची संधी' तेच अजून चालू आहे. ज्यांनी स्पेशालिटी बदललीय त्यांनी प्लीज लिहा, काय लिहिलं होतं, बोलावलं का, इंटरव्ह्यूला त्यावर काय विचारलं.

मुलुंड, आता आयसीयू
मी पण वॉर्डातूनच गेले. पहिल्यांदा 'क्रिटिकल केअर शिकण्याची इच्छा' असं लिहून पाच ठिकाणी दिला, एकाच ठिकाणाहून फोन आला आणि तिथल्या मेट्रन मॅडम म्हणाल्या, अगं शिकायची इच्छा चांगलीच आहे पण उद्या नाईटला तुला कुठल्या बेडवर उभी करू ते सांग. घरी येऊन रडले खरं सांगते, पण मग वही घेऊन बसले आणि वॉर्डात मी खरंच काय काय करते ते काढलं. आमच्याकडे आयसीयूत बेड मिळेपर्यंत पेशंट बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) असायचे, नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) पंपावर चालू असायचं, तासातासाला चार्टिंग, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजनची वगैरे तपासणी) पाठवणं, हे सगळं आम्हीच करायचो आणि रेझ्युमेत त्यातलं एक अक्षर नव्हतं! मग लिहिलं की वॉर्डात बायपॅप आणि इनोट्रोपवरचे (नॉरॲडसारखी औषधं चालू असलेले) पेशंट चार वर्षं सांभाळलेत, बीएलएस एसीएलएस (हृदय बंद पडलं तर काय करायचं त्याचे कोर्स) झालंय, मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्सचं काम हवंय. पुढचा इंटरव्ह्यू अर्धा तास त्याच ओळीवर झाला. नॉरॲड हाताच्या लाईनमधून चालू असेल तर काय बघशील विचारलं, मी म्हटलं लाईनच्या जागी सूज येतेय का, कातडी पांढरी पडतेय का ते बघत राहीन, औषध बाहेर गेलं तर तिथली कातडी मरते. एसीएलएसचं कार्ड २ वर्षंच चालतं, माझं संपत आलं होतं तेही त्यांनी पकडलं, तेव्हा तारीख बघून लिहा.

गोरेगाव, ओटी (ऑपरेशन थिएटर)
मी ब्रदर, कॅज्युअल्टीतून ओटीला आलो. स्क्रबचा (ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जनला अवजारं देण्याचा) अनुभव शून्य होता, तो आहे असं दाखवलं नाही. 'टाके, प्लास्टर, ट्रॉली लावणं येतं, स्क्रब शिकायची तयारी' इतकंच. सहा महिने सर्क्युलेटिंगला (टेबलाबाहेरून सामान पुरवायला) ठेवलं, मॉपचा (रक्त टिपायच्या कापडांचा) काउंट करत. मग स्क्रब.

डोंबिवली, डायलिसिस
ताई, तुझ्यासाठीच लिहितेय. फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) सुई टोचता, म्हणजे कॅन्युलेशन, येत असेल असं वॉर्डवालीकडून कोणी धरत नाही, ते युनिटमध्येच शिकवतात. पण मेडिकल वॉर्डात किडनीचे पेशंट तू सांभाळले असशीलच ना, इनटेक-आउटपुट, रोजचं वजन, पोटॅशियमचा रिपोर्ट आला की लगेच डॉक्टरला कळवणं, फिस्टुलाच्या हातावर बीपी घ्यायचं नाही की सलाईन लावायचं नाही, तेच वर आण. आणि एक, आमच्याकडे बहुतेक पेशंट आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४ तास, वर्षानुवर्षं तेच. मी 'लाँग टर्म पेशंटबरोबर काम करायला आवडतं' असं लिहिलं होतं आणि ते मनापासून होतं. इन्चार्जनी नेमकं त्यावरच विचारलं, पेशंट चिडला, मशीनवरून मधेच उठतो म्हणाला तर काय करशील.

परळ, इन्चार्ज सिस्टर
मी अर्ज चाळते म्हणून दुसरी बाजू सांगते. ऑब्जेक्टिव्ह आता जुनं झालं असं हल्ली सगळे सांगतात आणि त्याच कामात नोकरी बदलताय तर मलाही ते नको असतं. पण सगळा अनुभव मॅटर्निटीचा आणि अर्ज ऑन्कोलॉजीला, वर काहीच नाही, तर मला वाटतं चुकून आला. तिथे दोन ओळी लागतातच. मात्र प्रत्येक ठिकाणी नवीन लिहा गं, एनआयसीयूच्या (नवजात बाळांचा आयसीयू) अर्जावर 'ॲडल्ट आयसीयू' राहिलेलं मी कितीदा बघितलंय. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रिन्युअल झालेलं असू दे, ते नसेल तर पुढचं मी वाचतच नाही.

विरार, इन्फेक्शन कंट्रोल
माझी पाठ गेली, ऑर्थो वॉर्डात पेशंट उचलून उचलून. पहिल्या रेझ्युमेत लिहिलं की तब्येतीमुळे बसून करायचं काम हवंय, एका ठिकाणी तर फोनवरच नको म्हणाले. फार लागलं ते. खरं म्हणजे हे बसून करायचं काम नाहीच, दिवसभर सगळे वॉर्ड फिरते. नंतर मैत्रिणीने सुचवलं म्हणून हँड हायजीन ऑडिट, कॅथेटर केअर आणि कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांचं ट्रेनिंग वॉर्डात मीच घ्यायचे ते लिहिलं. पाठीचं इंटरव्ह्यूला स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही.

धागा काढणारी
सगळ्यांचे मनापासून आभार, मुलुंडच्या ताईंसारखी मीही वही घेऊन बसले. आता असं झालंय : 'मेडिकल वॉर्डात सहा वर्षं, त्यात किडनीच्या पेशंटचं फ्लुइड चार्टिंग आणि फिस्टुलाची काळजी. हिमोडायलिसिस युनिटमध्ये स्टाफ नर्स म्हणून काम हवं, कॅन्युलेशन शिकायची तयारी.' डोंबिवलीच्या ताई, 'लाँग टर्म पेशंट'चं पण घालू का? आमच्याकडे एक काका महिन्या-दोन महिन्यांनी ॲडमिट व्हायचे, आले की आधी माझी ड्युटी विचारायचे. सोमवारी नाईट ऑफ आहे, परळला दोन ठिकाणी देऊन येते.