साठ पिनांची मल्टी कॅसेट: मेनू येत नाही, चित्रं फुटतात, आणि स्वतःची चार गेमची कॅसेट करायची आहे

टिळकवाडी_साठपिन (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मशीन साधं साठ पिनांचं टीव्ही गेम, ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतं. दोन पिवळ्या कॅसेट आहेत.

पहिलीच्या लेबलवर ९९९९९९९ इन १. चालू केली की मेनू न येता थेट आधी खेळलेला गेम सुरू होतो. रीसेट दाबला तरी तोच गेम पुन्हा पहिल्यापासून. बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबलं तरच मेनू येतो.

दुसरी १५० इन १. हिचा मेनू येतो, आवाज बरोबर, बटणंही चालतात, पण अक्षरं फुटलेली आणि माणसांच्या जागी उभ्या रेघा. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) दोनदा पुसली.

तिसरा प्रश्न: स्वतःचे तीन-चार गेम एका कॅसेटमध्ये घालायचे तर नेमकं काय लागतं? सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, ईप्रॉम (पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी चिप) भरायचा प्रोग्रामर मिळू शकतो. आणि लेबलवरच्या आकड्याचा काही अर्थ असतो का?

निपाणी_लॅच

आकड्यापासून सुरू करतो, कारण आत काय आहे ते कळलं की पहिला बिघाडही कळतो.

या कॅसेटमध्ये दोन मेमरी असतात. प्रोग्रामची ती पीआरजी, चित्रांची ती सीएचआर. सर्वांत साध्या गेमला १६ केबी पीआरजी आणि ८ केबी सीएचआर पुरते. कॅसेटमध्ये असे बरेच गेम एकापुढे एक भरलेले असतात आणि कुठला तुकडा मशीनला दिसायचा हे एक लॅच (लिहिलेला क्रमांक धरून ठेवणारं सर्किट) ठरवतं. एक नेहमीचा प्रकार घ्या, इम्युलेटरवाले त्याला मॅपर ५८ म्हणतात (मॅपर म्हणजे मेमरीचे तुकडे बदलणारं सर्किट): पीआरजीला ३ बिट, सीएचआरला ३ बिट. म्हणजे १२८ केबी आणि ६४ केबी. त्यात १६ केबीचे गेम जास्तीत जास्त आठ बसतात, लेबलवर काही का लिहिलेलं असेना. यादीतली पुढची नावं तेच गेम असतात, फक्त सुरुवातीची लेव्हल नाहीतर लाइफ बदललेली. १२८ केबीच्या काँट्राला किंवा ३८४ केबीच्या मारिओ ३ ला अशा कॅसेटमध्ये जागाच नाही. त्यांना वेगळा मॅपर लागतो.

तुम्ही गेम निवडला की मेनूचा प्रोग्राम आपला एक छोटा तुकडा रॅममध्ये नेतो आणि तिथून लॅचवर लिहितो. रॅममधून अशासाठी, की लिहिताक्षणी मेनूची रॉम समोरून नाहीशी होते. मग तो गेमच्या रीसेट पत्त्यावर उडी मारतो. बहुतेक कॅसेट डेटा न वापरता ॲड्रेसच्या तारांवरच क्रमांक पाठवतात. लिहिण्याच्या वेळी रॉमही डेटाच्या तारांवर बोलत असते, दोघांची टक्कर होते. ॲड्रेसवर ती टक्कर नाही.

आता तुमची पहिली कॅसेट. साठ पिनांच्या स्लॉटला रीसेटची वेगळी पिनच नाही. कॅसेट रीसेट ओळखते ती ३२ नंबरच्या पिनवरून, म्हणजे प्रोसेसरच्या एम२ क्लॉकच्या सतत येणाऱ्या ठोक्यांवरून. एम२ एका डायोडमधून जाऊन छोटा कपॅसिटर भरत राहतो, आणि त्याला समांतर एक रेझिस्टर जमिनीकडे. रीसेट दाबून धरला की एम२ थांबतो, रेझिस्टर कपॅसिटर रिकामा करतो, लॅच पुसलं जातं आणि मेनू येतो.

तुमच्याकडे लॅच पुसलंच जात नाही. दहा-पंधरा सेकंदांनी जमतं, म्हणजे कपॅसिटर रिकामा होतोय पण फार सावकाश. संशय रेझिस्टरवर, नाहीतर त्याच्या सोल्डरवर. कॅसेट उघडा. काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली चिप असते, तिला हात लावायचा नाही. ठिपक्याबाहेर डायोड, एक रेझिस्टर आणि एक-दोन कपॅसिटर दिसतील. रेझिस्टरचा एक पाय उचलून मोजा. रंगपट्ट्यांच्या किमतीपेक्षा बराच जास्त आला किंवा काहीच दाखवत नसेल तर त्याच किमतीचा नवा लावा. डायोडच्या जागी १एन४१४८ चालतो. कपॅसिटर आतून तुटलेला असता तर उलटी लक्षणं दिसली असती: गेम रंगात आला की मध्येच मेनू.

त्याआधी एक करा. रीसेट टिचकी मारल्यासारखा न दाबता पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा. मेनू आला तर रेझिस्टरचाच दोष. आणि हीच कॅसेट दुसऱ्या मशीनवर लावून बघा की. काही एका-चिपच्या (प्रोसेसर आणि चित्रांची चिप एकातच असलेल्या) मशीनमध्ये रीसेट दाबला तरी एम२ चालूच राहतो. तिथे कुठलीच मल्टी कॅसेट रीसेटने मेनूवर येणार नाही, आणि रीसेट दाबून गेम बदलणारी ४ इन १ पहिल्याच गेमवर अडकून बसते. तो दोष मशीनचा.

खानापूर_पाऊस

दुसऱ्या कॅसेटचं मी सांगतो. आवाज बरोबर, खेळ चालतो, चित्रंच फुटतात. म्हणजे प्रोसेसरची बाजू ठीक, चित्रांची बाजू तुटलेली. साठ पिनांत ही वाटणी सरळ आहे. १ ते १६ आणि मागच्या बाजूला ३१ ते ४६ हे मुख्यतः प्रोसेसरचं. १७ ते २९ आणि ४७ ते ६० चित्रांचं. ३० आणि ३१ वर ५ व्होल्ट, १ आणि १६ जमीन. १ च्या बरोबर मागे ३१ येते, तेव्हा ज्या टोकाला जमीन आणि ५ व्होल्ट पाठीला पाठ लावून आहेत ते प्रोसेसरचं टोक. तुमचा बिघाड दुसऱ्या अर्ध्यात आहे. प्रोसेसरच्या बाजूचा असता तर पडदा नुसता राखाडी किंवा काळा राहिला असता.

नुसतं आयपीए पुरत नाही, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या पट्ट्यांवर जो थर येतो तो धुळीचा नसतो. स्वस्त कॅसेटच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा नावापुरता, खालचं तांबं उघडं पडतं आणि हिरवट-तपकिरी होतं. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाई खोडायचा खरबरीत निळा नको. पट्टीच्या लांबीच्या दिशेने, बोर्डाकडून कडेकडे, दहा-बारा वेळा. आडवा घासला तर पट्टी कडेला सुटते. मग चुरा झटकून ९९ टक्के आयपीए कापसाच्या काडीवर, आणि पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको, उरलासुरला मुलामा त्यानेच जातो. तोंडाने फुंकूही नका, वाफेचा ओलावा बसतो आणि गंज तिथूनच धरतो.

तरी चित्रं फुटत असतील तर स्लॉटच्या आतल्या पत्र्या बघा. टॉर्च धरली की एखादी पत्री इतरांपेक्षा मागे दबलेली चटकन दिसते. शिवणाची सुई घेऊन ती अर्धा मिलिमीटर पुढे ओढा, त्याहून जास्त नको. मशीन बंद आणि अडॅप्टर काढलेला असताना.

याच वेळी व्होल्टेज मोजा. पिन ३० आणि १ च्या मध्ये, गेम चालू असताना, ४.७५ ते ५.२५ यायला हवं. आतल्या ७८०५ ला (५ व्होल्टच्या रेग्युलेटरला) स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट लागतात, म्हणून अडॅप्टर लोडवर ७ च्या खाली गेला की ५ टिकत नाही आणि चित्रं थरथरतात. वर १२ व्होल्टचा लावून प्रश्न सुटत नाही: ०.३ अँपिअरला ९ वर १.२ वॉट उष्णता, १२ वर २.१ वॉट. हीटसिंक म्हणून पत्र्याचा तुकडा असलेलं मशीन तेवढं सोसत नाही. अडॅप्टर बदलताना पिनेची पोलॅरिटी तपासा, यातली बरीच मशीन मध्ये निगेटिव्हवाली असतात. आणि बहात्तर पिनांच्या अमेरिकन मशीनचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी असतो, तो यात कधीच लावू नका.

संकेश्वर_ईप्रॉम

चार गेमची कॅसेट लॅचशिवाय, नुसत्या दोन स्विचवर होते. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच करावी. प्रत्येक तार डोळ्यांना दिसते, चूक सापडते.

आधी गेम निवडा. स्वतःच्या कॅसेटमधून काढलेले, किंवा बनवणाऱ्यांनी मोफत दिलेले होमब्रू. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. पहिले १६ बाइट हेडर. त्यातला पाचवा बाइट ०१ आणि सहावा ०१ हवा, म्हणजे १६ केबी पीआरजी, ८ केबी सीएचआर. सातव्याचा आणि आठव्याचा पहिला अंक ०, म्हणजे मॅपर शून्य. फाइल बरोबर २४,५९२ बाइटची असते. सातव्या बाइटचा शेवटचा बिट चारही गेमचा सारखा असला पाहिजे, कारण तो मिररिंग (पार्श्वभूमीची दोन पानं कशी मांडायची ते) ठरवतो: १ असेल तर उभं, ० असेल तर आडवं. पहिला सुपर मारिओ यात बसत नाही, त्याची पीआरजी ३२ केबी आहे.

हेडर काढून टाका, चारही पीआरजी क्रमाने जोडा: ६५,५३६ बाइट. चारही सीएचआर त्याच क्रमाने: ३२,७६८ बाइट. पीआरजीला २७सी५१२, सीएचआरला २७सी२५६, दोन्ही १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून वेगवान. खिडकीची ईप्रॉम पुसायला अतिनील दिवा लागतो, १५-२० मिनिटं. दिवा नसेल तर दोन्हीकडे विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ घ्या, ती प्रोग्रामरवरच पुसली जाते. सीएचआरच्या जागी लावाल तेव्हा तिचा पाय १ जमिनीला.

जोडणी. पीआरजी चिप: ए० ते ए१३ स्लॉटच्या प्रोसेसर ॲड्रेसला, पाय २० स्लॉटच्या ४४ ला, पाय २२ जमिनीला. स्लॉटची ३५, म्हणजे प्रोसेसरचा ए१४, मोकळी सोडा. सीएचआर चिप: ए० ते ए१२ चित्रांच्या ॲड्रेसला, पाय २० स्लॉटच्या ५६ ला, पाय २२ स्लॉटच्या १७ ला. २७सी२५६ असेल तर पाय १ पाच व्होल्टला.

स्विच एकपोल-दोनमार्गी, एक टोक ५ व्होल्ट, दुसरं जमीन. पहिल्याचा मधला पाय पीआरजीच्या २७ ला आणि सीएचआरच्या २६ ला. दुसऱ्याचा मधला पीआरजीच्या १ ला आणि सीएचआरच्या २७ ला. दोन्ही चिपांचे बिट जोडीने हलतात, म्हणून गेम आणि त्याची चित्रं बरोबरच बदलतात. ही जोडी उलटी लागली तर एका गेममध्ये दुसऱ्याची चित्रं दिसतात, घाबरू नका, दोन तारा बदलल्या की झालं.

तीन जोड लोक हमखास विसरतात. ४८ आणि ४९ एकमेकांना, नाहीतर पार्श्वभूमी कचरा. ४५ आणि ४६ एकमेकांना, नाहीतर बऱ्याच मशीनवर आवाजच नाही. आणि मिररिंग: उभ्यासाठी १८ ला ५३, आडव्यासाठी १८ ला ५४.

प्रत्येक चिपच्या ५ व्होल्ट आणि जमिनीत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अगदी पायांशी. सॉकेट लावलं तर कॅसेटचं झाकण बसत नाही, चिप थेट सोल्डर करा. नवा बोर्ड करून घेणार असाल तर १.२ मिलिमीटर जाडीचा, नेहमीचा १.६ चा घातला की स्लॉटच्या पत्र्या पसरतात आणि मग जुन्या कॅसेट सैल लागतात. स्विच नेहमी मशीन बंद असतानाच हलवा.

टिळकवाडी_साठपिन (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. खोडरबराने १५० इन १ ची अक्षरं नीट आली. पहिलीचा रेझिस्टर: पट्ट्यांप्रमाणे १०० के, मोजून २.३ मेग. बदलतो.

एकच विचारतो: स्विचचं काम करायचं की सरळ एव्हरड्राइव्हसारखी मेमरी कार्डवाली कॅसेट घ्यायची?

निपाणी_लॅच

२.३ मेग म्हणजे दुखणं सापडलं. १०० के, पाव वॉट लावा.

कार्डवाल्या कॅसेटबद्दल: एव्हरड्राइव्ह एन८ ची साठ पिनांची वेगळी आवृत्ती येते, तीच मागा. तिच्यात मॅपर एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) चालतात, म्हणून मोठे गेमही चालतात, जे संकेश्वरच्या अण्णांनी दिलेल्या स्विचच्या कॅसेटमध्ये कधीच बसणार नाहीत. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. मोठी कार्डं दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात. पण तुमचं मशीन एका-चिपचं असेल तर घेण्याआधी कोणाची तरी आणून लावून बघा. काही एका-चिपच्या मशीनवर ती सुरूच होत नाही, आणि मशीन बदलल्याशिवाय त्यावर उपाय नाही.

आणखी एक. आपल्याकडची ही मशीन पाल पद्धतीची, ५० हर्ट्झवर चालणारी. जपानी-अमेरिकन गेम ६० वर बेतलेले, ते इथे ५/६ वेगाने, म्हणजे सुमारे १७ टक्के सावकाश चालतात. हा बिघाड नाही, त्यासाठी क्रिस्टल बदलायला जाऊ नका, जुन्या टीव्हीवर रंग जाऊन काळं-पांढरं चित्र येईल.

संकेश्वर_ईप्रॉम

मोठे गेम हवेत तर कार्डवाली. शिकायचं असेल तर आधी स्विचची करा. सोल्डरिंग झाल्यावर मशीनमध्ये घालण्याआधी मल्टीमीटर बीपवर ठेवून ३० आणि १ मध्ये शॉर्ट नाही ना एवढं बघा, मग शेजारच्या प्रत्येक दोन पिनांमध्ये. ३० आणि ३१ मध्ये बीप येणारच, दोन्ही पाच व्होल्ट आहेत. ४५-४६ आणि ४८-४९ मध्येही, ते आपणच जोडलेत. शेजारच्या बाकी कुठल्याही जोडीत बीप आला तर सोल्डर सांडलेलं आहे.