'नील', 'निळी' की 'सागरी'? आणि 'शाश्वत' म्हणजे नेमके काय?

प्रश्न

समुद्राशी निगडित उद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या एका निधीचे माहितीपत्रक मराठीत लिहिताना मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. 'ब्लू इकॉनॉमी'ला 'नील अर्थव्यवस्था' म्हणावे, 'निळी' म्हणावे की सरळ 'सागरी'? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी 'शाश्वत नील निधी' या नावाचा अर्थ 'कायम ठरलेले उत्पन्न देणारा निधी' असा घेतला. चूक त्यांची नसून शब्दाची आहे, असे मला वाटते.

उत्तर

त्या बाईंनी मराठी अचूक वाचली. ज्याला नाश नाही ते शाश्वत, आणि 'कशाचीच शाश्वती नाही' असे आपण म्हणतो तेव्हा तर भरवसा, खात्री हाच अर्थ मनात असतो. इंग्रजी 'सस्टेनेबल'साठी आपण हाच शब्द वापरतो, पण संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने मांडलेली कल्पना वेगळी होती: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा येऊ न देणारा विकास. तिथे टिकायचे असते ते साधन, गुंतवलेले भांडवल नव्हे. म्हणून 'शाश्वत मासेमारी' खपून जाते, कारण माशांची पैदास ज्या वेगाने भरून निघते त्या वेगापलीकडे जाळे टाकायचे नाही, हा अर्थ संदर्भानेच कळतो. 'शाश्वत निधी' म्हटले की मात्र विशेषण समुद्रावरून उठून पैशावर जाऊन बसते, आणि बाजारातल्या चढउतारांना सामोरे जाणाऱ्या निधीबद्दल असा भास निर्माण होऊ देणे मला अक्षम्य वाटते. 'सागरी साधनांच्या टिकाऊ वापरासाठीचा निधी' हे नाव लांबलचक आहे, पण त्यात टिकाऊ काय आहे याबद्दल संदेह उरत नाही.

आता 'नील'. 'निळी अर्थव्यवस्था' व्याकरणाने निर्दोष आहे. तरीही 'हरित'च्या शेजारी तत्सम 'नील'च शोभतो, आणि मत्स्योत्पादन वाढवण्याच्या 'नीलक्रांती'मुळे तो कानाला परकाही वाटत नाही. 'सागरी अर्थव्यवस्था' हा मात्र पर्याय होऊ शकत नाही, कारण समुद्रतळाखालचे खनिज तेल उपसणे हीसुद्धा सागरी अर्थव्यवस्थाच आहे. 'नील' म्हणताना उत्पन्न आणि रोजगार यांच्या बरोबरीने समुद्राचे आरोग्यही राखले जाईल, ही अट अभिप्रेत असते.

मूळ संज्ञेचा अर्थही स्थिर राहिलेला नाही. बेल्जियन उद्योजक आणि लेखक गुंटर पाऊली यांनी २०१० मध्ये ती वापरली तेव्हा रोख एका प्रक्रियेतील टाकाऊ पदार्थ दुसरीचा कच्चा माल व्हावा यावर होता. २०१२ च्या रिओ परिषदेच्या सुमारास लहान बेटराष्ट्रांनी ती महासागराशी जोडून पुढे आणली. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची प्रक्रियादेखील 'नील' वित्तपुरवठ्यात येते. त्यामुळे 'नील रोखे', म्हणजे अशा कामांसाठी काढलेले कर्जरोखे, असे नाव वाचून पैसा समुद्रातच जाणार असे गृहीत धरू नये. तो कोणत्या कामांना जाणार आहे, याची यादी प्रस्तावपत्रात पाहावी.

हिंदी महासागरातील सेशेल्स या बेटराष्ट्राचे उदाहरण इथे उपयोगी आहे. या देशाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचे, दहा वर्षे मुदतीचे नील रोखे काढले. सरकारने काढलेले असे ते पहिलेच. पैसा सागरी संरक्षित क्षेत्रे वाढवण्यासाठी आणि मत्स्यव्यवसायाचे व्यवस्थापन सुधारण्यासाठी होता. पण गुंतवणूकदारांची जोखीम कमी झाली ती जागतिक बँकेने दिलेल्या ५० लाख डॉलरच्या अंशतः हमीमुळे. 'नील' हे विशेषण पैसा कुठे जाणार ते सांगते. तो परत येण्याची खात्री हमीवर आणि रोखे काढणाऱ्याच्या पतपात्रतेवर अवलंबून असते. शिवाय ते रोखे तीन संस्थांनीच घेतले होते. व्यक्तीपुढे बहुधा निधीचाच पर्याय येतो, आणि निधीत नेमक्या कोणत्या कंपन्या आहेत हे नावावरून कळत नाही.

आणखी एक मत

वरील विवेचन पटले. एक पुरवणी जोडतो: कंपन्यांच्या समभागांना 'नील समभाग' म्हणू नये. गुंतवणुकीच्या भाषेत 'ब्लू चिप' आधीपासून आहे. पोकरच्या खेळातील सर्वाधिक मोलाच्या निळ्या सोंगटीवरून आलेली ती संज्ञा मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांसाठी वापरतात, आणि तिचा समुद्राशी काहीही संबंध नाही. नवा गुंतवणूकदार दोन्ही निळ्यांची गल्लत सहज करील. तसेच केवळ नावापुरते समुद्रप्रेम दाखवणाऱ्या योजनांना 'निळा मुलामा' म्हणावे, असे सुचवतो. मुलाम्याखाली दुसराच धातू असतो, हे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

'शाश्वत' काढून टाकला आहे. पहिले वाक्य आता असे आहे: 'हा नील निधी समुद्राचे आरोग्य राखून चालणाऱ्या उद्योगांत पैसे गुंतवतो, परताव्याची किंवा मुद्दल परत मिळण्याची कोणतीही हमी तो देत नाही.' त्याच बाईंना ते पुन्हा वाचायला दिले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, 'मग यात उद्योग कोणते आहेत?' ती यादी आता दुसऱ्या पानावरून पहिल्या पानावर घेत आहे.