प्रति: उपयोगिता प्रमाणपत्रात काम दिसतच नाही

उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे मिळालेलं अनुदान ठरल्या कामावरच वापरलं असं संस्था सरकारला लिहून देते त्या कागदात, फक्त पैशांचा हिशोब असतो, कामाचं काही कळत नाही, हे वरचं म्हणणं मला पटत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधला नमुना १२-अ, म्हणजे या प्रमाणपत्राचा ठरलेला फॉर्म, नीट वाचा. साध्य झालेल्या उद्दिष्टांचं विवरण त्याला परिशिष्ट म्हणून जोडावंच लागतं. तेच पान सगळे घाईत उरकतात, याचं फार वाईट वाटतं.

मी एका संस्थेचे हिशोब बघते. तिथे शिवणवर्गाच्या या विवरणाच्या मसुद्यात '४० महिला प्रशिक्षित' असं होतं. हजेरीपट काढला तर शेवटच्या महिन्यात २३ सह्या. बाकीच्या कापूस वेचणीला गेलेल्या. २३ च लिहिले, कारणासकट. अनुदानाचा हप्ता अडला नाही, शिवाय पुढचा वर्ग हंगामानंतर घ्यायला मंजुरी मिळाली.