हॅलोवीनला मुलांसाठी सोप्पा भुताटकी खाऊ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, 31 ऑक्टोबरला आमच्याकडे खारघरला बिल्डिंगमधली 10-12 पोरं येणारेत, सगळी 5 ते 9 वर्षांची, आणि लेकीला खाऊ "भीतीदायकच" हवाय (सासूबाई म्हणतात ऐन फराळाच्या गडबडीत हे कुठलं भूत आणलंस 😄). ओव्हन नाहीये, गॅस आणि साधा मायक्रोवेव्ह आहे. त्यात दोन मुलं जैन, म्हणजे बीट, बटाटा, कांदा-लसूण बाद, आणि जिलेटिन असतं म्हणून मार्शमेलोपण नको.

डोक्यात आहे ते असं, मिनी इडलीवर काळ्या ऑलिव्हची चकती लावून डोळे, त्यावर बिनकांदा-लसणीच्या टोमॅटो सॉसच्या लाल रेघा, आणि पनीरच्या लांब तुकड्यांना समोशाच्या पट्ट्यांच्या बारीक फिती गुंडाळून तळायच्या, दोन मिऱ्याएवढे डोळे ठेवायचे की झाली ममी. पण या फिती तळताना सुटू नयेत म्हणून मैद्याची खळ पुरते का? आणि आधी गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या तर पनीरच्या पाण्याने मऊ पडतील का?

दुसरं, केळ्याची भुतं करायचीत, अर्धं केळं उभं करून चॉकोचिपचे डोळे. लिंबू लावलं की काळं पडत नाही हे माहितीये पण मग वर व्हाइट चॉकलेट धरतं का, की ओलं असल्याने घसरतं?

हिरव्या जेलीसाठी चायना ग्रास घेणारे, ऑक्टोबरच्या उकाड्यात ते बाहेर वितळत नाही हे बरंय. अर्ध्या लिटरला किती घालू? लिबलिबीत हवी, वडी नको.

अजून काही सुचत असेल तर सांगा प्लीज, वाशीला सामान आणायला शनिवारीच जाणारे.