बाभळीच्या चमच्याच्या वाटीला तडा जातो, दांडा थरथरतो

प्रश्नकर्ता, परभणी:
लेथवर चमचा कातून वाटी हाताने कोरतोय. लांबी ३० सेंमी, वाटी ६ सेंमी रुंद, लाकूड ताजं तोडलेलं. कोरून ठेवला की काही दिवसांत वाटीच्या टोकाकडून चीर पडते. शिवाय दांडा बारीक होत आला की थरथरतो आणि अंगावर वळ्या उमटतात. शेवटी तेल कोणतं लावावं?

लाकूडकाम, लातूर:
भाऊ, आधी तुकडा कुठून काढला ते बघा. लाकूड वाळताना वाढीच्या कड्यांच्या अंगाने जास्त आकसतं, मधून बाहेरच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मंच. म्हणून ओंडक्याचा मधला बिंदू तुकड्यात राहिला तर चीर पडणारच. ओंडका उभा फाडा आणि मधला भाग सेंटीमीटरभर तासून टाका.

दुसरं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आडवं कापलेलं टोक बाकीच्या लाकडाच्या कितीतरी आधी वाळतं. ओलं असताना सगळीकडे ५ मिमी जास्त ठेवून कच्चं कातून घ्या, वाटीही १० मिमी जाडीची ठेवून कोरा. टोकांना मेण लावा, त्याच लाकडाच्या भुश्यात पोत्यात घालून सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मगच शेवटचा हात. तळ ५ मिमी, काठ ३ मिमी पुरे. बाभूळ ओली असेपर्यंत लोखंडावर ठेवू नका, काळे डाग पडतात.

कातारी, बीड:
थरथरीचं कारण क्रम. वाटीचं डोकं हेडस्टॉककडे (लेथचं फिरवणारं टोक), दांडा टेलस्टॉककडे (समोरचं आधार देणारं टोक) धरा. टेलस्टॉककडून सुरुवात करून ५-५ सेंमी पूर्ण जाडीला आणत डोक्याकडे या. झालेल्या भागावर पटाशी परत न्यायची नाही, तिथे आता ताकद उरलेली नसते. टेलस्टॉक फार आवळला तरी दांडा धनुष्यासारखा वाकतो. लेथवर १२ मिमीच्या खाली जाऊ नका, उरलेलं चाकूने तासा. चौकोनी तुकडा गोल करेपर्यंत मिनिटाला ८०० फेरे, नंतर १५०० पर्यंत. हातमोजे आणि सैल बाह्या अजिबात नकोत.

कोरताना डोक्याचा वरचा एक तृतीयांश भाग करवतीने उडवून सपाट करा आणि चमचा शिकंजात धरा, हातात नको. गोल पटाशी रेशांना आडवी, काठाकडून तळाकडे. तळ ओलांडून पुढे ढकलली की रेशे उचकटतात. तिथे थांबून समोरच्या काठाकडून या.

घाणेवाला, धाराशिव:
तेल जवसाचं, घाण्याचं कच्चं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात वाळवणारी धातूची द्रव्यं असतात, खाण्याच्या भांड्याला ती नकोत. शेंगदाणा तेल वाळत नाही, खवट होतं. त्याआधी चमचा पाण्याने ओला करून वाळवा, उभे राहिलेले रेशे २२० च्या पॉलिश पेपरने काढा. मग पातळ हात, वीस मिनिटांनी पुसून काही दिवस ऊन. असे तीन हात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

प्रश्नकर्ता, परभणी:
करडईचं चालेल का? घरात तेच आहे.

घाणेवाला, धाराशिव:
चालेल, पण जवसापेक्षा सावकाश वाळतं. हात आणखी पातळ द्या आणि दोन हातांमधले दिवस वाढवा.