पगार चालू, म्हणून चरित्र?

'पगार चालू असतो, म्हणून प्राध्यापकांना राजांवर जाड ग्रंथ लिहायला फावतं,' असं कुणीतरी म्हटलंय. इतिहासकार जदुनाथ सरकारांचंच बघा. माणूस मुळात इंग्रजीचा एम.ए., सुरुवातीला शिकवलंही इंग्रजीच. औरंगजेबाच्या चरित्राचे पाच खंड आले 1912 ते 1924 या काळात, आणि मधेच 1919 मध्ये शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. तेही वर्गात तास घेऊन!

त्यांचं खरं बळ फारसी कागदांत होतं. 1665 चा पुरंदरचा वेढा त्यांनी मिर्झाराजे जयसिंगाच्या पत्रांवरून उभा केला, ती त्याच्या मुन्शीने (लेखनिकाने), उदयराजने लिहिलेली. बखरींवर मात्र त्यांचा भरवसा कमी. त्यामुळे आपल्याकडचे बरेच अभ्यासक त्यांच्यावर चिडून होते, आणि माझ्या मते ते सगळेच चुकीचे नव्हते. राज्य कसं चाललं हे शत्रूच्या दरबारी पत्रांतून किती दिसणार?

उलट 'मराठी रियासत' लिहिणारे रियासतकार सरदेसाई विद्यापीठातले नव्हेतच. बडोद्याला सयाजीरावांच्या चाकरीत आयुष्य गेलं आणि पेशवे दफ्तराचे 45 खंड मुंबई सरकारसाठी संपादित केले ते निवृत्तीनंतर. तरी जदुनाथ आणि त्यांची दोस्ती घट्ट. वा. सी. बेंद्रेही प्राध्यापक नव्हते. त्यांचं संभाजी महाराजांचं चरित्र यायला 1960 उजाडलं.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात) सुरत-मुंबई वखारीची जुनी दप्तरं आहेत. मुंबईकरांपैकी कुणी अलीकडे तिथे बसून काम केलं असेल, तर परवानगीचं सध्या कसं आहे ते जरूर लिहा.