लाडकी बहीणवर डिसर्टेशन करून राहिली आहे, पण सगळ्या बाया एकच उत्तर देतात. कसं विचारू?

फायनलइयर_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. मी एमए सोशिऑलॉजी सेकंड इयरला आहे, इथल्याच एका कॉलेजात. डिसर्टेशनचा विषय असा घेतला की लाडकी बहीणचे महिन्याचे १५०० रुपये सुरू झाल्यापासून घरातले रोजचे निर्णय बदलले का, म्हणजे किराणा, पोरांची ट्युशन, दवाखाना, माहेरी जाणं, कोणाला विचारून खर्च करायचा, हे सगळं. गाईड सरांनी मंजूर केलं पण म्हणाले फार पसरट आहे, आवर.

पारडी आणि वाठोड्याकडे थोडं पायलट करून पाहिलं. प्रश्नावलीत होतं की "योजनेमुळे तुमची निर्णयक्षमता वाढली का", हो, नाही, काही प्रमाणात. जवळपास सगळ्यांनी हो सांगितलं. "घरचे निर्णय कोण घेतं" विचारलं तर सगळीकडे "दोघं मिळून". एका काकूंनी आधी पाणी दिलं, बसवलं, मग माझ्या हातातल्या फायलीकडे पाहत विचारलं, "बाई, नाव तर नाही ना कटणार आमचं?" मी नाही म्हटलं तरी त्यानंतर जे बोलल्या ते सगळं छान-छानच होतं.

मला हे असंच टाइप करून सबमिट करायचं नाहीये. या बायांच्या आयुष्यात खरंच काहीतरी हललं आहे असं मला वाटते, कुठे चांगलं, कुठे नवीन कटकट, पण माझ्या प्रश्नांमधून ते येऊनच नाही राहिलं. ज्यांनी फील्डवर्क केलंय त्यांनी प्लीज सांगा. वेळ फेब्रुवारी एंडपर्यंत आहे.

जुनी_फिल्डवर्कर

बाळा, त्या काकूंचा प्रश्न हाच तुझा पहिला डेटा आहे, तो लिहून ठेव.

२०२५ च्या सुरुवातीला चारचाकीवाल्यांची तपासणी झाली, अंगणवाडी सेविका घरोघरी गेल्या, मग सप्टेंबरपासून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन पडताळणी, आलं. म्हणजे गेलं वर्षभर हातात कागद घेऊन दारात आलेलं माणूस म्हणजे नाव कापणारं माणूस, असंच त्यांना वाटणार. तू कितीही सांगितलं की मी स्टुडंट आहे तरी फाईल, पेन आणि छापील फॉर्म तुझ्या आधी बोलतात. फॉर्म घरी ठेव. कॉलेजचं पत्र असू दे, मागितलं तर दाखव. नाव, आधार, रेशनकार्ड नंबर यातलं काहीच लिहू नको आणि लिहीत नाहीये हे त्यांना दिसू दे. शक्य असेल तर बचत गटाच्या बैठकीला एक-दोनदा नुसती जाऊन बस, तिथे ओळख झाली की मग घरी जा.

आता प्रश्नांबद्दल. "निर्णय कोण घेतं" हा प्रश्न मोठमोठ्या सर्व्हेत पण असतो. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत, लग्न झालेल्या बायांना विचारलेलं आहे की तुमच्या स्वतःच्या दवाखान्याचं कोण ठरवतं, घरातल्या मोठ्या खरेदीचं कोण, माहेरी किंवा नातेवाइकांकडे जायचं कोण. लाखो घरांची तुलना करायला ते ठीक आहे, पण तुझ्यासारख्या छोट्या अभ्यासात "दोघं मिळून" या उत्तराच्या पोटात काय काय दडलेलं असते ते उघडून पाहायची तुला संधी आहे. नवरा ठरवतो आणि ही मान हलवते, तेही दोघं मिळूनच. ही आधी सामान आणते आणि रात्री सांगते, तेही दोघं मिळूनच.

म्हणून मत विचारू नको, शेवटचा हप्ता विचार. तो कधी आला, कसं कळलं, मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो? काढायला कोण गेलं, बँकेत की सीएसपीवर (बँकेच्या छोट्या ग्राहक केंद्रावर) अंगठा लावून, सोबत कोण होतं? काढल्या काढल्या पहिले कुठे गेल्या? घरी आल्यावर किती उरले, ते कुठे ठेवले, घरात कोणाला माहीत होतं? एवढ्या एका फेरीत तुला मोबाईल कोणाचा, बाहेर एकटी जाते का, उधारी किती, लपवून ठेवायची गरज पडते का, सगळं मिळून जाईल आणि निर्णय हा शब्द एकदाही उच्चारावा लागणार नाही.

आणि सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर त्या दिवशी चहा पिऊन परत ये.

आकडेमोड

वरच्या ताईंशी बरंचसं सहमत, पण एक मुद्दा राहून गेला. १५०० मुळे फरक पडला हे तू सिद्ध कसं करशील? त्याच काळात बाकी पण गोष्टी बदलल्या ना, भाव वाढले, कोणाचं पोरगं कामाला लागलं, कोणी मेट्रोच्या बाजूला शिफ्ट झालं. तुलनेला दुसरा गट पाहिजेच.

या योजनेत तुलना नियमातच आहे. वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखाच्या आत, आणि नवीन अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले. म्हणजे त्यानंतर जिला २१ पूर्ण झाले ती बाहेर. एकाच गल्लीत, एकाच परिस्थितीतल्या, वयात वर्ष-दीड वर्षाचा फरक असलेल्या दोन सुना, एकीला येतात एकीला नाही. अशा जोड्या शोध. दुसरं, संजय गांधी निराधारचे १५०० घेणाऱ्या बाईला हे मिळत नाही, कारण तिला तेवढेच तिकडून येतात. मग निराधारचे १५०० आणि लाडकी बहीणचे १५०० खर्च होताना वेगळे होतात का? एक पैसा विधवा म्हणून मिळतो, दुसरा बहीण म्हणून, आणि घरातले लोक त्यावर सारखाच हक्क सांगतात का, हा प्रश्न मला तरी फार मोलाचा वाटते.

तिसरं सगळ्यात भारी. एका कुटुंबात अविवाहित एकच पात्र. घरात २३ आणि २५ च्या दोन बहिणी असतील तर फॉर्म कोणाचा भरला? कोणी ठरवलं? का? पैसा यायच्या आधीच त्या घरात एक निर्णय झालेला आहे, आणि तो अजून दोघींनाही नीट आठवत असणार.

गुगल फॉर्म मात्र करू नको, व्हॉट्सअॅपवर फिरवून आलेल्या उत्तरांत तुझ्या मैत्रिणींच्या आयाच जास्त येतील. वीस-पंचवीस घरं नीट कर, टक्केवारी काढू नको, गाईड सरांना पण तेच सांग.

कुही_मांढळ

नमस्कार, मी काही रिसर्चवाला नाही, माझ्या घरचं सांगतो, कामात पडलं तर पाहा.

माझी माय मिरचीच्या सातऱ्यावर जाते. आमच्याकडे मांढळ, भिवापूर साइडले लय सातरे आहेत, मिरचीचे ढीग पडले राहतेत अन् बाया दिवसभर बसून देठ खुडतेत, किलोच्या हिशोबानं पैसे भेटतेत. हात इतके जळतेत का रात्री झोप नाही येत, डोळ्याले हात लागला तर विचारू नका. शहरात तिखट घेताना कोणाच्या डोक्यात नाही येत हे, पण त्या पुडीत आमच्या मायचे हात आहेत.

तर मागच्या वर्षी मे महिन्यात ऊन चढल्यावर माय म्हणे का आता दुपारी नाही बसत मी, सकाळचीच जाईन. पहिले असं कधी बोलली नव्हती. मी विचारलं का गं, तर म्हणे गटाची किस्त आता त्या पैशातून जाते ना. बस एवढंच. तिले जर तुम्ही विचारसाल का निर्णयक्षमता वाढली का तर ती म्हणन मले काय समजते त्यातलं. पण दुपारचं ऊन तिनं सोडलं हा तिचाच निर्णय होता, आम्ही कोणी बोललो नव्हतो.

किस्तीचं नक्की विचारा. आमच्या गावात फायनान्सवाल्याची मीटिंग राहते आठवड्याले, अन् बऱ्याच बायांचा पैसा खात्यात येते अन् तसाच तिकडे जाते. काही जणींनी तर योजना सुरू झाल्यावरच नवीन लोन उचललं, कारण आता भरू शकतो असं वाटलं. एखाद्या महिन्यात हप्ता लांबला तर त्यांची काय धावपळ होते ते पाहा. इकडे शेजारणीकडून उसने, तिकडे दुकानात उधार.

लालपरी_रोज

माझं मत जरा वेगळं आहे. विषय बदलायला अजून वेळ असेल तर एसटीच्या अर्ध्या तिकिटावर कर. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे आणि त्यावर कोणालाही भीती वाटत नाही कारण त्यात नाव कटायचं काही नाही, तिकीट काढलं की झालं. मी रोज गणेशपेठ स्टँडवरून उमरेड करते, बसमध्ये बायका इतकं मोकळं बोलतात की तुला प्रश्नच विचारावे लागणार नाहीत. कोणी आठवड्यातून एकदा आईला पाहायला जाते जी आधी दिवाळीलाच जायची. कोणी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात, स्वतःची तपासणी करायला येते, आधी गावातल्याच डॉक्टरवर भागवायची. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा परत हिशोब सुरू झाले, ते पण मी ऐकलेत.

आणि एक बघ, सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. नागपूरवरून छिंदवाडा, शिवनीकडे जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचं तिकीट पूर्ण लागते. आपल्याकडे कितीतरी जणींचं माहेर तिकडलं आहे. ज्यांचं माहेर काटोल, सावनेरला आणि ज्यांचं हद्दीपलीकडे, त्यांच्या फेऱ्यांत फरक पडला का, हा तर पूर्ण अभ्यास होऊ शकतो. आपल्या शहर बसला पण ती सवलत लागू नाही, म्हणजे गावावरून गणेशपेठपर्यंत अर्ध्यात आणि तिथून पुढे ऑटोवाल्याला पूर्ण.

फायनलइयर_नागपूर

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. कुही_मांढळ दादा, तुमच्या आईंबद्दल वाचून मी बराच वेळ तेच डोक्यात घेऊन बसली होती. माझ्या प्रश्नावलीत दुपारचं ऊन कुठेच बसत नव्हतं.

एसटीचा विषय खूप आवडला पण सिनॉप्सिस गेलेलं आहे, आता बदलता येणार नाही. माहेरी जाण्याचा भाग मात्र त्या नजरेनं घेईन, दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात एकत्रच येतात ना, पैसे इकडून आणि तिकीट तिकडून.

सध्या असं ठरवून राहिली आहे: शहर सोडून उमरेड रोडवरची दोन गावं, आणि दोन गट, हप्ता येणाऱ्या आणि थोडक्यात हुकलेल्या. "शेवटचा हप्ता" हाच मधला धागा. केवायसीबद्दल विचारू का? आमच्या ओळखीच्या एका ताईंचं त्यातच अडकलं आहे, नवरा सोडून गेलेला आहे आणि तिथे नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागते, वडील तर केव्हाचे गेले. हे विचारलं तर परत नाव कटायची भीती जागी होईल का?

जुनी_फिल्डवर्कर

विचार, पण सगळ्यात शेवटी, आणि तिचं झालं का असं विचारू नको. "गावात कोणाला अडचण आली का" असं विचार. मग ती शेजारणीचं म्हणून स्वतःचंच सांगेल किंवा खरंच शेजारणीचं सांगेल, दोन्ही चालते. तुझ्या त्या ताईंसारख्या बायांचं वेगळं प्रकरण कर, अगदी दोन-तीनच भेटल्या तरी. पैसा बाईच्या नावावर आहे पण तो मिळत राहायला घरातल्या पुरुषाचं आधार आणि त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो, तर जी त्याच्याशी बोलत नाही, जिला त्यानं मारून हाकललं, तिनं काय करावं? काही बाया अशा कारणासाठी परत फोन करतात, कोणी मध्ये माणूस घालते, कोणी सोडून देते. रोजच्या आयुष्यातला निर्णय म्हणतात तो हाच, आणि त्यावर लिहिणारे कमी आहेत, तर तू लिही. मात्र गावाचं नाव, जात, मुलं किती, नवरा कुठे कामाला, हे सगळं एका परिच्छेदात येऊ देऊ नको, छोट्या गावात तेवढ्यावर लगेच ओळख पटते.

आकडेमोड

अजून एक, वेळेचं पण विचारून घे, कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत. सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे आहे, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ८८. सातऱ्यावरची दुपार सोडली तर तो वेळ आरामात गेला की परत चुलीपाशीच गेला, हे तुला त्या एका प्रश्नावरून कळेल. तुलनेसाठी प्रकरणाच्या सुरुवातीला तो आकडा देता येईल.

कुही_मांढळ

ताई, मांढळकडे याचं असन तर मंगळवार-बुधवार नका येऊ, गटाच्या वसुलीत बाया अडकल्या राहतेत. जानेवारीत सातरे चालू राहतेत, दुपारी एकच्या सुमारास डबा खायले बसतेत सगळ्या, तेव्हा या. मी मायले सांगून ठेवतो. ती आधी लाजन, पण डबा उघडला का बोलते.

फायनलइयर_नागपूर

नक्की येते दादा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, फाईल न घेता. बाकी कोणाला थोडक्यात हुकलेल्या जोड्या, म्हणजे दोन बहिणी किंवा दोन जावा, उमरेड, कुही, भिवापूरकडे माहीत असतील तर इथे नाव न लिहिता मला मेसेज करा.